सूर्याचा कीस

मे महिन्याच्या १९-२० तारखेला बल्लारपुरात दुपारी बारा वाजून नऊ-दहा मिनिटांनी सावली नाहीशी होते. भूगोलाचे शिक्षक त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. किल्ल्यातल्या मोकळ्या जागेत एक काठी सरळ रोवावी आणि बघत राहावं. सकाळपासून काठीच्या पायाशी लोळणारी काळी रेघ आखडत जाते, बोटभर उरते आणि मग तीही नसते. गावाला या चमत्काराचं फारसं कौतुक नाही, कारण त्या घटकेला बाहेर असतो कोण? पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या घरात, डांबर मऊ झालेलं, रस्त्यावर डोक्याला दुपट्टा गुंडाळून खिशात कांदा ठेवलेला एखादाच माणूस.

दैवतांचा अभ्यास करणाऱ्याला मात्र ही घटका चुकवून चालत नाही. पुराणांत सूर्याच्या बायकोचं नाव संज्ञा. तिला नवऱ्याचं तेज सोसेना, म्हणून तिने आपल्यासारखी दिसणारी एक बाई घडवली, तिला आपल्या जागी ठेवलं आणि घोडीचं रूप घेऊन ती रानात निघून गेली. मागे ठेवलेल्या बाईचं नाव छाया. म्हणजे एरवी सूर्याच्या घरात निदान सावली तरी असते. बल्लारपुरात मे महिन्यातल्या त्या दोन मिनिटांत तीसुद्धा नसते.

ज्या देवाच्या घरातून एकेक माणूस निघून गेलं, त्या देवाच्या अभ्यासात तुमचं स्वागत करायला मी ही जागा आणि ही वेळ मुद्दाम निवडली आहे. मावळतं दैवत पाहायला लोक कोणार्कला जातात, मोढेऱ्याला जातात, काश्मीरच्या मार्तंडाच्या भग्न खांबांपाशी उभे राहतात. जावंच. पण तिथे देवळाची भव्यता आपल्याला गप्प करते आणि प्रश्न विचारायचे राहून जातात. आमच्याकडे भव्य सूर्यमंदिर नाही. आमच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या नावातसुद्धा चंद्र आहे. सूर्य इथे फक्त तापतो. त्याला देव म्हणून शोधायचं तर बारकाईने, खाली वाकून शोधावं लागतं, आणि या शास्त्राची पहिली अट तीच आहे.

संज्ञेची गोष्ट पुढे वाचली पाहिजे, कारण या अभ्यासाची सगळी गुरुकिल्ली तिच्यात आहे. बायको का गेली हे कळल्यावर सूर्य सासऱ्याकडे, विश्वकर्म्याकडे गेला. सासरा जातिवंत कारागीर. त्याने जावयाला चरकावर चढवलं, कातारी लाकूड फिरवतो तसं फिरवलं आणि त्याचं तेज कातून काढलं. किती काढलं याबद्दल पुराणांत एकमत नाही. विष्णुपुराण आठव्या हिश्श्याची गोष्ट करतं. मार्कंडेयपुराणात हिशेब फार कडक आहे: सोळांपैकी पंधरा भाग गेले, आज आपण बघतो तो सूर्य उरलेला सोळावा भाग. कातून पडलेलं तेज वाया गेलं नाही. त्या किसातून विश्वकर्म्याने विष्णूचं चक्र केलं, शिवाचा त्रिशूळ केला, कुबेराची पालखी, कार्तिकेयाची शक्ती, आणि इतर देवांचीही आयुधं केली.

मला ही गोष्ट धर्माच्या इतिहासाचा सर्वांत प्रामाणिक मसुदा वाटते. एका देवाचं तेज कमी होतं तेव्हा ते हवेत विरत नाही, दुसऱ्यांच्या हातात जातं. चक्र हातात घेऊन उभ्या असलेल्या विष्णूला पाहताना ते चक्र कुठल्या चरकावरून आलं हे कोणी विचारत नाही. तो प्रश्न विचारणं हे आपलं काम. मराठीत शब्दांचा कीस काढणाऱ्याला लोक हसतात. आपण उलट, पडलेला कीस गोळा करणारे.

मार्कंडेयपुराणाचं नाव घेतलं तर इथल्या माणसाला एकच जागा आठवणार. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी मार्कंडादेव आहे. ज्या ऋषीच्या तोंडी ही कातणाची कथा घातली आहे, त्याच्याच नावाचं हे दगडी देऊळ, शिल्पांनी इतकं दाटलेलं की त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणायची पद्धत पडली. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम १८७० च्या दशकात इथे येऊन गेला आणि त्याने या देवळांचं वर्णन लिहून ठेवलं. त्या समूहात यमधर्माचंही मंदिर आहे. यम हा सूर्याचा मुलगा. सोळा वर्षांच्या मार्कंडेयाला न्यायला आलेला यम शिवापुढे हरतो ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिच्यात सूर्याच्या घरातला आणखी एक जण शिवापुढे मागे हटतो आहे, हे देवळात उभं राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. यमाच्या बापाची आठवण त्या गर्दीत कोणी काढत असेल असं मला वाटत नाही.

मूर्तिशास्त्राकडे वळणाऱ्यांना आधी सूर्याचे पाय बघायला सांगावेत. मत्स्यपुराण म्हणतं की विश्वकर्म्याने सारं अंग कातलं पण पाय राहिले. त्यांच्याकडे बघवत नाही, म्हणून मूर्तिकाराने ते घडवू नयेत, घडवले तर कुष्ठ होईल. प्रत्यक्षात उत्तरेकडच्या सूर्यमूर्तींच्या पायांत उंच बूट आहेत. वराहमिहिराने सहाव्या शतकात सांगून ठेवलं आहे की सूर्याचा वेष उत्तरेकडच्यांसारखा असावा आणि त्याची प्रतिष्ठा ‘मग’ ब्राह्मणांनी करावी. हे ‘मग’ शाकद्वीपातून, म्हणजे इराणी जगातून आलेले पुजारी. आपला सूर्यदेव बूट घालून उभा आहे, कारण तो अर्धा थंड मुलखातून आलेला पाहुणा आहे. पुराणकाराला मात्र ती पादत्राणं समजेनात, म्हणून त्याने न कातलेल्या पायांची कथा रचली. मूर्ती आधी, गोष्ट नंतर. हा क्रम एकदा डोक्यात बसला की देवळात फिरण्याची मजा बदलते.

याच कथाचक्रात सांब येतो. कृष्णाचा मुलगा, शापाने त्याला कुष्ठ झालं, सूर्याची उपासना करून तो बरा झाला, आणि त्याने चंद्रभागेच्या काठी सूर्याचं मंदिर उभारलं. ही चंद्रभागा पंढरपूरची नव्हे, पंजाबची चिनाब. परंपरा त्या मंदिराची जागा मुलतान सांगते. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू युआन श्वांगने तिथली सोन्याची मूर्ती पाहिली होती. तेव्हापासून अंगावरचा रोग आणि सूर्य ही जोडी पक्की.

आता चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची, गोष्ट ऐका. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह, राजधानी बल्लारपूर. त्याच्या अंगावर गळवं उठलेली, काही केल्या बरी होईनात. शिकारीला गेला असताना तहान लागली, झरपट नदी कोरडी, पात्रातल्या एका खळग्यात थोडं पाणी मिळालं. प्यायला, हातपाय धुतले. त्या रात्री पुष्कळ दिवसांनी त्याला गाढ झोप लागली. सकाळी राणीने पाहिलं तर पाणी लागलं होतं तिथली गळवं नाहीशी झालेली. मग शोध, मग दृष्टांत, मग अचलेश्वराचं देऊळ. पुढे कुत्र्याचा पाठलाग करणारा ससा दिसला, त्याच्या वाटेवरून तटबंदी आखली गेली आणि चंद्रपूर वसलं. शाळेत आम्ही सशासाठी ही गोष्ट लक्षात ठेवली. अभ्यासकाने गळवांसाठी ठेवावी. सांबाच्या कथेतला सगळा सांगाडा इथे आहे: राजकुळातला पुरुष, कातडीचा रोग, नदी, बरं होणं, देऊळ. फक्त वैद्य बदलला. सूर्याच्या जागी शिव आला. कोणी कोणाची नक्कल केली असं मी म्हणत नाही. रोगी राजा आणि औषधी पाणी या गोष्टी जगभर सापडतात. पण कधी काळी हे खातं सूर्याकडे असायचं. पंधराव्या शतकातल्या राजाच्या नावाने सांगितलेल्या या कथेत त्याला कोणी बोलावतसुद्धा नाही. (पुढे याच जिल्ह्यात, वरोऱ्याला, बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं, आणि कुष्ठाचं खातं देवाकडून माणसाकडे आलं. तो अध्याय या क्षेत्राबाहेरचा आहे, पण जाता जाता नोंदवल्याशिवाय राहवत नाही.)

ऋग्वेदात हाच देव किती नावांनी वावरतो ते पाहिलं तर उतरण केवढी मोठी आहे ते कळेल. सूर्य, सवितृ, पूषन्, मित्र, विवस्वान. तिथेच अदितीच्या आठव्या मुलाची, मार्तंडाची गोष्ट आहे. सात मुलं घेऊन ती देवांकडे गेली, आठव्याला तिने टाकून दिलं. मार्तंड म्हणजे मेलेल्या अंड्यातून आलेला. जन्मापासूनच मरणाशी बांधलेला सूर्य. आणि टाकून दिलेलं हे नाव महाराष्ट्रात कुठे रुजलं? जेजुरीला. मल्हारी मार्तंड, मार्तंड भैरव. रविवारचा देव, पिवळ्याधमक भंडाऱ्याचा देव, घोड्यावरचा देव. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोंथायमर यांनी खंडोबावर जे काम केलं आहे ते वाचताना मला नेहमी वाटतं की चरकाखाली पडलेल्या किसाचा सगळ्यांत मोठा ढीग जेजुरीच्या गडावर आहे.

इतर ढीग लहान. देवघरातल्या पंचायतनात पाचांपैकी एक म्हणून सूर्य असतो, बहुधा स्फटिकाचा लहानसा खडा, गणपती आणि बाणलिंगाच्या शेजारी कोपऱ्यात. नवग्रहांत तो नऊंपैकी एक झाला, आणि ज्यांनी त्याला गिळायचं ते राहू-केतू त्याच ओळीत त्याच्या बरोबरीने बसले. शनी हा त्याचा छायेपासून झालेला मुलगा. आज शनिवारी मुलाच्या देवळापुढे रांग असते, रविवारी बापाचं देऊळ शोधावं लागतं. रथसप्तमीला तुळशीपुढे रथ काढतात आणि गोवरीच्या विस्तवावर दूध उतू घालतात. श्रावणातल्या रविवारी आदित्य राणूबाईची कहाणी अजून काही घरांत वाचली जाते. ती राणूबाई आणि गुजरातची रन्नादे एकच, सूर्याची पत्नी, हे वाचणाऱ्या बाईला ठाऊक असेलच असं नाही. औंधचे पंतप्रतिनिधी भवानराव यांनी सूर्यनमस्कार घराघरांत नेले तेव्हा देव व्यायामात गेला. नागपूरला इतवारीत सोनं किंवा धान्य घ्यायला जाणारा माणूस आदित्यवाराच्या बाजारात उभा असतो. आदित्यवार, आइतवार, इतवार: देव गेला, बाजार राहिला.

हे का झालं याची कारणं विद्वानांनी बरीच दिली आहेत. राजाश्रय सरला, मुलतानचं मंदिर पडलं, शैव आणि वैष्णव पंथांनी सूर्याला आपल्यात ओढलं, सूर्यनारायण हे जोडनाव सगळ्यांना सोयीचं झालं. सगळं बरोबर. मी त्यात एक साधं कारण घालीन, आणि ते माझं स्वतःचं असल्याने वाचकाने ते तपासून घ्यावं. सूर्य रोज दिसतो. जो देव फुकट दिसतो त्याचं गर्भगृह करता येत नाही, त्याच्यापुढे पडदा धरता येत नाही, त्याच्या दर्शनाची वेळ पुजाऱ्याच्या हातात नसते. देवपणाला थोडा आडोसा लागतो. सूर्याला तो कधी मिळाला नाही, आणि आमच्या जिल्ह्यात तर मुळीच मिळत नाही.

इथवर संस्कृत आणि मराठी कागदपत्रांवर आपली वाट सरळ होती. आता वर्धा नदी ओलांडायची नाही, तर जंगलाकडे वळायचं आहे, आणि इथे नवख्या अभ्यासकाची हमखास चूक होते. त्याला वाटतं, आदिवासी म्हणजे निसर्गपूजक, तेव्हा इथे तरी सूर्य सिंहासनावर असणार. छोटा नागपूरच्या मुंडांकडे सिंगबोंगा आहे, हे त्याने वाचलेलं असतं. पण गोंडी धर्मविचाराच्या मध्यभागी सूर्य नाही. तिथे परसा पेन, म्हणजे मोठा देव आहे, प्रत्येक कुळाचे आपापले पेन आहेत, सगा, म्हणजे कुळांचे गट आहेत, गोंडी कथांतला लिंगो आहे, जंगो आहे. जो देव त्यांनी सिंहासनावर बसवलाच नव्हता त्याला आपण मावळता ठरवायचं, हा अभ्यास नव्हे, आगाऊपणा झाला.

गोंडी मुलखात सूर्य आहे, पण वेगळ्या कामावर. आधी शब्द पाहा. गोंडीत सूर्याला पोर्द म्हणतात. सिरोंच्याकडे तेलुगूत तोच शब्द पोद्दु होतो आणि त्याचा अर्थ सूर्यही होतो, वेळही होतो; सूर्यफुलाला तेलुगूत पोद्दुतिरुगुडु पुव्वु म्हणतात. तमिळात पोळुदु म्हणजे मुख्यतः वेळ. आणि आपण? आपण म्हणतो दिवस उगवला, दिवस बुडाला. म्हणजे वर्धा-वैनगंगेच्या दुआबात मराठी, गोंडी, तेलुगू बोलणारे तिन्ही लोक सूर्याला वेळेच्या नावाने हाक मारतात. ही हाक देवाला असते की घड्याळाला, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. झाडीपट्टीत रात्री सुरू झालेलं नाटक दिवस निघेपर्यंत चालतं. तिथे सूर्याचं काम पडदा टाकण्याचं.

मग साक्षीदाराचं काम. पूर्व विदर्भात वीरगळांसारखे जुने दगड शेताच्या बांधावर, देवळाच्या मागे, पाणवठ्याजवळ भेटतात. बहुतेकांचे चेहरे झिजलेले. शेंदूर फासून कोणी मारुती केलेला, कोणी वाघोबा. पण वरच्या कोपऱ्यांत हात फिरवून बघा. एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला कोर. आचंद्रार्क, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत हे टिको. मेळघाटात कोरकू आपल्या मृतांसाठी लाकडाच्या फळ्या कोरतात, त्यांवरही घोडेस्वाराच्या डोक्यावर सूर्यचंद्र असतात. वीर कोण होता ते गेलं, गाव कोणतं ते गेलं, अक्षरं असली तर तीही गेली; साक्षीला उभे केलेले दोघे तेवढे दगडावर आहेत. भामरागड-एटापल्लीकडे माडिया लोक मृतांच्या नावाने उभे दगड रोवतात, उरस्कल. त्यांवर कोरीव काहीच नसतं. त्यांना वरचा खरा सूर्य पुरतो.

तिसरं काम सगळ्यांत हृदय पिळवटणारं आहे. मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत ग्रहणाची एक गोष्ट सांगतात. व्हेरियर एल्विनच्या १९४९ च्या संग्रहात तिची बरीच रूपं मिळतात. गरीब माणसांना सावकार कर्ज देईना, तेव्हा सूर्य आणि चंद्र त्यांना जामीन राहिले. कर्ज काही फिटलं नाही. म्हणून सावकार, किंवा त्याचा माणूस, अधूनमधून वसुलीला येतो आणि जामीनदाराला धरतो. तेच ग्रहण. महाराष्ट्राच्या गावांतही ग्रहण लागलं की ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाक फिरायची आणि लोक सुपातून धान्य घालायचे. राहूने डोकं तुटल्याच्या रागाने सूर्याला गिळणं ही देवांच्या भांडणाची कथा. जामीन राहून अडकणं ही कर्जाने पिचलेल्या माणसांची कथा. ज्यांच्या घरची जमीन सावकाराच्या वहीत गेली त्यांनी आपला देव वैभवात पाहिला नाही, आपल्याबरोबर कर्जात पाहिला. कोणार्कच्या चोवीस चाकांपेक्षा मला हा जामीनदार सूर्य मोठा वाटतो. हे मत आहे, निष्कर्ष नाही.

‘मरणारं मिथकांचं जग’ हे शब्द आपल्या शाखेत फार सहज वापरले जातात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात राहिले. तिथलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांनी एका परधानाच्या तोंडून लिंगोचं दीर्घ गाणं उतरवून घेतलं. १८६३ मध्ये हिस्लॉप नदीत बुडून गेले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. रसेल आणि हिरालाल यांचे चार खंड १९१६ चे. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचं पलीकडच्या आदिलाबादच्या राजगोंडांवरचं पुस्तक १९४८ चं. दुर्गाबाई भागवतांनीही तरुणपणी गोंड मुलखात काम केलं. यांतल्या कितीतरी पानांवर एकच सूर आहे: लवकर लिहून घ्या, हे संपत चाललं आहे. दीडशे वर्षं झाली, संपतंच आहे.

काहीच गेलं नाही असं म्हणणंही खोटं. परधान हे गोंडांचे वंशावळी गाणारे, किंगरी वाजवणारे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या परधानांची घरची भाषा आता मराठी आहे. यजमानाची भाषा एक आणि गायकाची दुसरी झाली की गाणं कुठे जातं? २०११ च्या जनगणनेत देशभर गोंडी बोलणारे साधारण तीस लाख निघाले, गोंडांची संख्या त्याच्या कितीतरी पट. भाषा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही. पण भाषा अशी आटत असतानाच नागपुरात मोतीराम कंगाली बँकेची नोकरी करून गोंडी पुनेम दर्शनावर लिहीत होते, व्यंकटेश आत्राम गोंडी संस्कृतीचे संदर्भ मराठीत मांडत होते, आणि धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. ज्यांच्या जगाची आपण शोकसभा भरवली आहे ते लोक मागच्या रांगेत बसून ऐकत आहेत आणि त्यांना काही मुद्दे खोडायचे आहेत. त्यांच्या पद्धतीवर आणि व्युत्पत्तींवर वाद घालायला जागा आहे. त्यांना आधी वाचा, मग घाला.

जुन्या गुरूंच्या चुकाही ठाऊक असाव्यात, कारण त्या फार मोहक आहेत. मॅक्स म्यूलर यांना एकोणिसाव्या शतकात प्रत्येक वीरकथेच्या मागे सूर्य दिसू लागला. लढणारा वीर म्हणजे सूर्य, प्रेयसी म्हणजे पहाट, मरण म्हणजे सूर्यास्त. १८७० मध्ये लिटलडेल नावाच्या एका पाद्र्याने त्याच पद्धतीने सिद्ध करून दाखवलं की स्वतः मॅक्स म्यूलर हासुद्धा सूर्यच आहे, पूर्वेकडून पश्चिमेकडे प्रवास वगैरे सगळं जुळतं. विनोद इतका नेमका होता की पद्धत त्यातून सावरली नाही. तरी लिंगोची कथा वाचताना तुमचाही हात शिवशिवेल: भावांनी बाण मारून ठार केलेला, डोळे काढलेला, आणि अमृताने पुन्हा उठलेला तरुण. सूर्य म्हणायला किती सोपा! म्हणू नका. तो गोंडांचा लिंगो आहे. त्याला त्याचं नाव पुरेसं आहे.

आपल्याकडचा मोठा मोह लोकमान्यांचा. ‘ओरायन’ १८९३ चं, वेदांतल्या ध्रुवप्रदेशावरचं पुस्तक १९०३ चं. वैदिक ऋषी लांबच लांब पहाटेची वाट का बघतात, सूर्य परत येईल की नाही याची त्यांना धास्ती का, याचं उत्तर टिळकांनी दिलं: कारण त्यांच्या पूर्वजांनी महिनोन्‌महिन्यांची रात्र पाहिली होती. विद्वानांनी हा सिद्धान्त स्वीकारला नाही, आणि पुरावा पाहता तो टिकणारा नव्हता. पण प्रश्न खरा होता. सूर्य परत येणार नाही अशी भीती माणसाला वाटते ती कुठून? इजिप्तच्या लोकांनी तर ती कथेतच बांधली. त्यांचा रे इतका म्हातारा झाला की त्याच्या तोंडातून लाळ गळायची. इसिसने ती लाळ मातीत कालवून साप केला, सापाने त्याला दंश केला, आणि वेदनेने कळवळून म्हाताऱ्याने आपलं गुप्त नाव तिला सांगून टाकलं. पुन्हा तेच: तेज जातं ते कोणाच्या तरी हातात. विश्वकर्म्याचा चरक आणि इसिसचा साप यांची ओळख करून द्यायला मला आवडलं असतं.

कामाला सुरुवात कुठून करावी असं विद्यार्थी विचारतात. रेल्वेने आलात तर बल्लारशाहला उतराल. स्टेशनाला जुनं नाव, गावाला नवं. भिंतींवर वाघ आणि जंगल रंगवलेलं दिसेल. जवळच कोळशाच्या खाणी आहेत. या खडकांना भूशास्त्रज्ञांनी गोंडवन हे नाव दिलं ते गोंडांच्या मुलखावरून, आणि पुढे एका अख्ख्या प्राचीन महाखंडालाही तेच नाव मिळालं. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या पानांनी खाल्लेलं ऊन खणून चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या वीजकेंद्रात जाळतात. गोंडांची गाणी परिशिष्टात बसली नाहीत, त्यांचं नाव मात्र पृथ्वीच्या इतिहासात बसलं आहे. लाकडाच्या डेपोकडेही जा. २०२३ मध्ये इथूनच सागवान वाजतगाजत अयोध्येला रवाना झालं, राममंदिराच्या दारांसाठी. राम सूर्यवंशी. पुढच्या वर्षी रामनवमीला आरसे आणि भिंगं लावून मूर्तीच्या कपाळावर सूर्याचा किरण पाडला गेला. सूर्याचं मूळ घर सुटलं तरी नातवंडांच्या घरी त्याला आता टिळा लावायला बोलावतात, आणि त्या घराची दारं आमच्या सागाची आहेत. डेपोत उरलेल्या ढलप्या आणि भुशाकडे बघताना मला तो जुना चरक आठवतो, याला इलाज नाही.

मग खेड्यांत जा. पेनठाण्यात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, मोबाइल खिशात ठेवा. एखाद्या आजीला देवाबद्दल थेट विचारलंत तर ती तुम्हाला हवं ते सांगेल, कारण पाहुण्याला नाराज करायचं नसतं. त्यापेक्षा ग्रहणात काय करायचं, मोहाची फुलं वेचायला किती वाजता निघायचं, गर्भार बाईने कोणत्या वेळी बाहेर जायचं नाही, हे विचारा. तिच्या उत्तरात दिवस हा शब्द कधी घड्याळ म्हणून येतो आणि कधी कोणी जिवंत असल्यासारखा येतो, याची वेगवेगळी टिपणं ठेवा. दोन्ही खाती एकत्र करायची घाई नको. झिजलेला दगड दिसला तर चुना-खडू फासून उठाव आणायचा प्रयत्न करू नका. संध्याकाळी तिरक्या उन्हात तो आपोआप वाचता येतो. दुपारी बाराला त्याच्यावर काहीच दिसत नाही.

मे महिना जमला नाही तर २३-२४ जुलैलाही सावली नाहीशी होते, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि काठी रोवून उपयोग नाही. म्हणून मेमध्येच या. घड्याळ बाराला पाच कमी दाखवत असेल तेव्हा किल्ल्यात पोचा. काठीची रेघ जाईल, दोन मिनिटांनी पलीकडच्या बाजूला पुन्हा केसाएवढी दिसू लागेल. मग सावलीला बसा, ताक प्या आणि दिवस वर्धेपलीकडे राजुऱ्याकडे उतरेपर्यंत थांबा. नदीच्या काठाला एखादा जुना दगड असेल तर त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बोट फिरवून बघा, गोल लागतो का.